पाच जणांचं पाणी

(अमळनेर, सन १९४४. माघातली दुपार. धुरपदाबाईच्या घरामागचं अंगण. पलीकडे, एकाच भिंतीआड, रहिमाबीचं घर.)

रहिमाबी : हे पण?

धुरपदाबाई : ते पण.

रहिमाबी : अगं, या लुगड्याची तर घडीसुद्धा मोडलेली नाही. याला कात्री लावून गोधडी शिवू? माझा हात धजायचा नाही. कंट्रोलच्या दुकानापुढे माणसं वार-दोन वार कापडासाठी दिवसभर उभी असतात, आणि तू पेटी उलटी करून बसलीस.

धुरपदाबाई : मग गोधडीत घालू नका. धुळ्याला तुमच्या लेकीला, आबेदाला पाठवा. पोरांची झबली होतील.

रहिमाबी : आणि तुला काय ठेवलंस?

धुरपदाबाई : दोन. एक अंगावर, एक दोरीवर.

रहिमाबी : ही बिनकाठाची?

धुरपदाबाई : उद्यापासून तीच चालतील ना, भाभी. आज दिली काय आणि उद्या दिली काय. उद्या बायका येतील तेव्हा हात लावून बघतील, हे मला द्या, ते मला द्या. त्यापेक्षा आपल्या हातानं दिलेलं बरं.

रहिमाबी : भांडीही गेलेली दिसतात.

धुरपदाबाई : दोन ताटांतलं एक ठेवलं. दोन तांब्यांतला एक समोरच्या बेबाबाईला दिला. पाट तिचा उखर्डू घेऊन गेला. काल केर काढला तर झाडूचा आवाज घुमला. पंचवीस वर्षं या घरात आहे, पण ते एवढं मोठं आहे हे मला ठाऊक नव्हतं.

रहिमाबी : घुमतो आवाज. मला विचार. हे गेले त्याला आठ महिने झाले. तीस वर्षं त्या पिंजणीच्या आवाजानं माझं डोकं उठायचं, कापसाची तुसं भाकरीत यायची. आता ती भिंतीला टांगली आहे. वाऱ्यानं तार हलली तरी मी उठून बघते.

धुरपदाबाई : ऐकू येते मला. भिंत काय, एवढीशी.

रहिमाबी : मग मलाही इकडचं ऐकू येतं. दोनदा न्हातेस ना तू? सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. या थंडीत. मी म्हटलं, हिचं सोवळं वाढलं की काय.

धुरपदाबाई : सोवळं कसलं. कागदी लिंबासाठी.

रहिमाबी : पानं उतरलीत त्याची.

धुरपदाबाई : पाणी पुरत नाही. न्हाणीच्या मोरीतून जाईल तेवढंच त्याला. नऊ माणसं न्हायची तेव्हा इथे काय नव्हतं. केळी होती, अळू होतं, तोंडलीचा मांडव होता. या दारातून बाहेर पाय टाकला की ओलं लागायचं. मग सासू-सासरे गेले, मधले भाऊ धुळ्याला गेले, अभिमनभाऊ शेतात राहायला गेले. माणूस कमी झालं की झाड कमी. आधी केळी वाळल्या. मग अळू. तोंडली मीच उपटली, तिचे हाल बघवेनात.

रहिमाबी : विहिरीवरून एक घागर जास्त आणायची आणि सरळ बुडाशी ओतायची. अंग कशाला गारठवतेस?

धुरपदाबाई : विहिरीवर बायका विचारतात, एकटीला एवढं पाणी कशाला लागतं. आंघोळीला म्हटलं की गप्प बसतात. झाडाला म्हटलं तर हसतील.

रहिमाबी : तो माठ अजून आहे का बुडाशी पुरलेला?

धुरपदाबाई : आहे. गळ्यापर्यंत मातीत. बुडाच्या भोकात चिंधीची वात, तिच्यातून थेंब थेंब मुळाला जातं. ह्यांनी पुरला तसाच आहे. तोंडावर पालथी करवंटी, करवंटीत निरगुडीची काडी. डास बसू नयेत म्हणून. मी हसले होते तेव्हा. म्हटलं, माठाला शेंडी ठेवलीत.

रहिमाबी : धुरपदा, मी गोधडीसाठी आले नाही.

धुरपदाबाई : ठाऊक आहे. सुई आणलीत, दोरा विसरलात.

रहिमाबी : उद्याचं ते होऊ देऊ नकोस. मला सांगायचंय...

अभिमन : वहिनी, घरमाच शेतस का?

धुरपदाबाई : या भाऊ, मागेच या. बसायला पाट नाही आता. ओट्यावर टेका.

अभिमन : बसत नही. रामराम भाभी. हाई काय, बठ्ठं घर बाहेर काढी ठेवं?

धुरपदाबाई : मोकळं करतेय. तुमची तयारी झाली?

अभिमन : बठ्ठी व्हयनी. पळसना पानं उनात, नारळ उना, तीळ बी उनात. भटजी म्हने, पुतळाले गुंडाळाले भाऊना एखादा कपडा पाहिजे. तेवढा द्या.

रहिमाबी : अभिमनभाऊ, जरा थांबा. मला तुम्हाला एक...

धुरपदाबाई : भाभी, ती सुई द्या इकडे. ही बंडी घ्या भाऊ, पण हिची वरची गुंडी निसटली आहे. एवढी लावून देते.

अभिमन : वहिनी, जळी जाणारा कपडाले गुंडी?

धुरपदाबाई : असू दे. उघड्या छातीनं जाऊ नये माणसानं. दोरा नाही ना... थांबा, पदराचाच काढते.

अभिमन : एकच बंडी? भाऊनं धोतर बी व्हतं ना?

धुरपदाबाई : चार होती. झाडानं प्यायली. फाडून फाडून माठाच्या वाती केल्या. बारा वर्षांत चार धोतरं काही फार नाहीत.

अभिमन : माले बी बरं वाटत नही, वहिनी. पण भाऊना पत्ता नही त्याले बारा वरीस व्हयनात. भाऊले ना पिंड, ना पाणी. मायना जीव त्यामाच गया. कोठे भटकत व्हई त्याना आत्मा, उपाशी. तुम्ही नही म्हना, मी थांबस. भटजीले मी सांगस.

धुरपदाबाई : नाही म्हणत नाही मी.

अभिमन : दखा, इचार करा. मंग परत नही.

धुरपदाबाई : केला. सकाळी लवकर उरका, ऊन चढायच्या आत. बायका किती सांगितल्यात?

अभिमन : पाच. बेबाबाई शे, कुंदाबाई शे, तुमनी जाऊ शे, आनखी दोन.

धुरपदाबाई : बांगड्या, आंघोळ, जे काय करायचं ते इथे करा. मला नदीवर नेऊ नका. घरच्या न्हाणीत घाला पाणी.

अभिमन : बरं. तसं सांगस. जास मी. भाभी, तुम्ही ऱ्हा हाई जोडे आज.

रहिमाबी : राहते भाऊ.

धुरपदाबाई : गेले. दार ओढून घेतलं वाटतं.

रहिमाबी : तू मला बोलू दिलं नाहीस.

धुरपदाबाई : नाही दिलं.

रहिमाबी : मग आता ऐक, आणि मला काय शिव्या द्यायच्या त्या दे. रुपचंदभाऊ जिवंत आहेत. बुऱ्हाणपूरला. आमच्या ह्यांनी बघितलं होतं, सात वर्षांमागं. गाद्या पिंजायला गेले होते एका घरी, तर मालक म्हणून रुपचंदभाऊच पुढे आले. ह्यांच्या हातातून तार ठोकायची मोगरी पडली. तुझ्या माणसानं पाय धरले ह्यांचे. कसम घातली, तोंड उघडू नका म्हणाले. बायको आहे, पोरं आहेत. ह्यांनी मला सांगितलं आणि वर मलाच कसम घातली. सात वर्षं मी तुझ्या झाडाची लिंबं खाल्ली आणि तुझ्या तोंडाकडे बघून गप्प बसले. आता हे राहिले नाहीत. कसम मोडली तर माझी मीच धनी. धुरपदा, मी मेलेल्या माणसाची रांड झाले. त्याला इलाज नाही. तू जित्या माणसाची का होतेस?

धुरपदाबाई : सात वर्षं.

रहिमाबी : हो.

धुरपदाबाई : म्हणजे मी गेले त्याच्या आधी तीन वर्षं तुम्हाला ठाऊक होतं.

रहिमाबी : तू कुठे गेलीस?

धुरपदाबाई : बुऱ्हाणपूरला. बेबाबाईच्या भाचीचं लग्न नव्हतं का? चार वर्षं झाली. पंगत उठली, मी उष्ट्या पत्रावळी टाकायला मागच्या बोळात गेले. एका घराची भिंत कमरेएवढी होती. आत बाग. आधी मी बागच बघितली, भाभी. इतकी हिरवी होती. केळीचे घड लोंबत होते. तोंडलीचा मांडव. आणि चार लिंबं, प्रत्येकाच्या बुडाशी माठ, माठावर पालथी करवंटी, करवंटीत निरगुडीची काडी.

रहिमाबी : या अल्ला.

धुरपदाबाई : ती खोड दुसऱ्या कुणाला असायची? तरी मी मनाला म्हटलं, असेल, कुणी शिकलं असेल. मग ते बाहेर आले. पाठमोरे. केस पांढरे झाले होते. बरोबर एक पोरगी, सहा-सात वर्षांची, तांब्या धरून. तिला म्हणाले, हळू ओत, मुळाला कळू दे. मलाही असंच म्हणायचे. याच शब्दांत.

रहिमाबी : हाक मारायचीस.

धुरपदाबाई : पत्रावळी होत्या हातात. आणि मी काय करत होते सांगू? मोजत होते. केळी, तोंडली, चार लिंबं, कडेला मोगरा. म्हटलं, एवढं जगवायला पाच जणांचं पाणी लागतं. दोरीवर कपडे वाळत होते ते नंतर बघितले. ते, ती, दोन मुलगे, एक मुलगी. बरोबर पाच.

रहिमाबी : आणि तू परत आलीस.

धुरपदाबाई : दुसरी पंगत बसली होती. मी कढी वाढली.

रहिमाबी : चार वर्षं मला बोलली नाहीस.

धुरपदाबाई : तुम्ही सात वर्षं.

रहिमाबी : मी कसमेत होते. तुला कुणी बांधलं होतं?

धुरपदाबाई : कुणी नाही. काय सांगणार? निघताना ह्यांनी मला जामनेरला माहेरी निरोप पाठवायला लावला होता, तिथल्या बाजारातून पेरूची रोपं घ्यायला येताहेत म्हणून. आईनं पुरण घातलं होतं. तीन दिवस वाट बघून गाईला घातलं. आता आई नाही. तिला तरी सांगितलं असतं की लोक म्हणतात तसं त्यांना वाटेत वाघानं खाल्लं नाही, ते दुसरीकडे जेवले.

रहिमाबी : मग आता अभिमनला सांग. जाऊन घेऊन येतील.

धुरपदाबाई : काठी घेऊन जातील. त्या बागेत. ती पोरगी तांब्या धरून उभी असेल. आता दहा वर्षांची झाली असेल, सगळं कळायचं वय. आणि आणलं समजा. इथे आणून बसवलेला माणूस काय करील? दाराकडे बघत बसेल. मी बारा वर्षं दाराकडे बघितलं, ते काम मला ठाऊक आहे. ते दुसऱ्याला देऊ नये.

रहिमाबी : आणि नाही आणलं, पण लोकांना कळलं, तर तू टाकलेली.

धुरपदाबाई : हो. रांडमुंड बाईला निदान भिंतीकडेला जागा मिळते. टाकलेल्या बाईला नुसती बोलणी. ते गेले तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. हळदीकुंकवाला बोलवायचे, आणि कुंकू लावताना बोट जरा थांबायचं. लावू का नको. ते बोट मी बारा वर्षं कपाळावर सोसलं.

रहिमाबी : पण तुझ्या मनात काय आहे?

धुरपदाबाई : थकले. मनात दुसरं काही नाही. बुऱ्हाणपूरहून आले तरीही दुसरं ताट रोज घासत होते, भाभी. रोज. पाट पुसत होते. म्हणायची, आले चुकून, तर तांब्या शोधत फिरायला नको. परवा ताट घासता घासता हात थांबला. म्हटलं, हे कुणाचं आहे? जे ह्या घरात नाही ते सगळं बाहेर काढायचं. ताट काढलं, तांब्या काढला, लुगडी काढली. मग बाहेर काढायचे तेच तेवढे राहिले.

रहिमाबी : गुंडी लावून दिलीस.

धुरपदाबाई : लावली. पदराच्या दोऱ्यानं.

रहिमाबी : रडत का नाहीस तू?

धुरपदाबाई : उद्या रडायचंच आहे. पाच जणी बसतील समोर. आज कशाला.

रहिमाबी : मी येऊ उद्या?

धुरपदाबाई : तुम्हाला आत घेणार नाहीत.

रहिमाबी : भिंतीपलीकडे बसेन. तुला ऐकू येईल असं खोकेन.

धुरपदाबाई : खोका. बरं वाटेल. ... भाभी, तुमच्या न्हाणीचं पाणी कुठं जातं हो?

रहिमाबी : कुठं जाणार? बोळात. एका बाईचं पाणी ते, दोन हात गेलं की जिरतं.

धुरपदाबाई : तुमची न्हाणी या भिंतीला लागूनच आहे ना?

रहिमाबी : लागूनच. का?

धुरपदाबाई : खालची एक वीट काढली तर इकडं येईल. सरळ लिंबाच्या आळ्यात.

रहिमाबी : धुरपदा, वेडी आहेस. तुझे लोक म्हणतील मुसलमानाच्या न्हाणीचं पाणी अंगणात घेतलं. ती लिंबं कुणी खाणार नाही.

धुरपदाबाई : तशीही आता माझ्या हातची कोण खाणार आहे? तुम्ही खाल, मी खाईन. दोघींचं मिळून झालं तर एखादी तोंडली लावता येईल. वेलाला फार लागत नाही.

रहिमाबी : ह्यांची पहार पडली आहे घरात. वीट कच्चीच आहे, संध्याकाळपर्यंत निघेल.

धुरपदाबाई : काढा. मी आळं वळवून ठेवते.

रहिमाबी : मग उद्या सकाळी माझी आंघोळ झाली की सोडू?

धुरपदाबाई : उद्या नको. उद्या पाच जणी माझ्या डोक्यावर पाणी घालतील, उद्या त्याला पुष्कळ होईल. तुम्ही परवापासून सोडा.