दोनच्या बारा, बाराच्या दोन

माया : म्हणजे विहिरीवरच्या म्हातारीला एक घागर नेऊन दिली की बारा भाकऱ्या. दिवसाला वीस घागरी धर. दोनशे चाळीस! हेमचंद्र, बेटावर जीव वाचवायचा गेम काढलास की खानावळ?

हेमचंद्र : म्हणून तर ताई, सोमवारी बाराच्या दोन केल्या. 'सोनिवलीवाली' या नावानं खेळणारी एक आहे, आठ महिने नुसतं पाणीच वाहते. साठेबाज!

माया : साठा बघितलास?

हेमचंद्र : कुणाला किती मिळालं तेवढीच नोंद होते. दिलेलं दिसत नाही.

माया : अगदी आपल्या बाबांसारखं. आलेला आहेर पाठ, केलेला आठवत नाही.

हेमचंद्र : तू ऑफिसला हाफ डे टाकून अंबरनाथहून हेच बोलायला आलीस? अगं, मी चेक केलंय. 'सोमा' नावाचा नवा गडी उतरवला, रोज एक घागर वाहिली, मग नुसता बसवून ठेवला. अजून जिवंत आहे! म्हणजे दोन पुरतात.

(कम्प्युटर क्लासचं दार ढकलून एक पन्नाशीची बाई, गोदू, आत येते.)

गोदू : गेमवर नाव-पत्ता लिहिलेला कॅम्प चारचा हेमचंद्र तूच ना रं?

हेमचंद्र : हो मावशी. कम्प्युटर क्लास लावायचाय?

गोदू : क्लास कसला! माझ्या पोरानं, राजूनं सोनिवलीत घरी इंटरनेट घेतलं, तो कामाला गेला की मी बसते खेळत. बेटावरचं नदीकाठचं माझं घर कुठं गेलं?

माया : सोनिवलीवाली! बसा ना, साठेबाज.

हेमचंद्र : मावशी, उपाशी मेलं की घर जातं, नियमच आहे. पण तुमच्याकडं एवढ्या भाकऱ्या होत्या…

गोदू : माझ्याकडं? रोज चाळीस नवी माणसं वाहून येतात किनाऱ्याला. तू हातात कुऱ्हाड देतोस. दारात आलेल्या पाव्हण्याला कुऱ्हाड देतात व्हय? मीच देते पाच-पाच भाकऱ्या. मग लागतात कामाला.

माया : म्हणून टिकतात होय सगळे!

हेमचंद्र : मला वाटलं, गेमच चांगला झालाय.

गोदू : सोमवारपासनं पुरेनाच. त्यात एक सोमा. लाकूड तोडेना, मासा धरेना. म्हटलं आजारी असंल. शनिवारी शेवटच्या दोन होत्या, त्यालाच घातल्या.

माया : हेमचंद्र, तोंड मिट.

हेमचंद्र : मावशी… तो सोमा मीच.

गोदू : तू? मग आजारी नव्हतास, आळशी होतास!

हेमचंद्र : घर परत देतो. आत्ता, दोन मिनिटांत.

गोदू : मेलेल्या बाकीच्यांना दिलंस?

हेमचंद्र : नाही.

गोदू : मग माझं ऱ्हाऊ दे. बारा कर परत. आज माणसं यायची असतील, मी निघते.

हेमचंद्र : ताई, बारा करतो परत.

माया : दहा भाकऱ्या तू कापल्यास. आठ महिने सगळ्यांचं पोट मावशींनी भरलं.