पाठमोरी

—नाही हो, ही मी नव्हे. बाकीच्या सगळ्या फोटोंत मीच आहे, ह्यात नाही. तुमचं काही चुकलं नाही, साडी तीच आहे ना! मघापासून जो येतो तो हेच म्हणतोय—पूर्णिमाताई, खडकवासल्याचा फोटो सगळ्यांत छान आलाय तुमचा. मी थँक्यू म्हणते. करणार काय?

आप्पासाहेबांचं तिकडे प्रदर्शनाच्या दारात वाचलंत ना? शंभर वर्षांपूर्वी लाकडी कॅमेरा घेऊन पुणंभर हिंडले, आणि प्रत्येक फोटोत बायको उभी केली—गोदाबाई—पाठमोरी. देऊळ केवढं, पूल केवढा, ते कळावं म्हणून. मापाला! तर आमच्या सुदर्शनला वाटलं, आताचं पुणं तसंच काढावं. तसाच कॅमेरा, तशीच इरकली साडी, तशीच बायको. कंपनीतली नोकरी सोडली त्यासाठी—सोड म्हटलं, माझी बँक आहे की. हिंजवडीला त्या काचेच्या इमारतींपुढे उभी राहिले, उड्डाणपुलाखाली राहिले, येरवड्याच्या पुलावर ट्रकवाले ओरडत होते तरी राहिले. कारण ह्या कॅमेऱ्याला घाई चालत नाही—झाकण काढलं की परत लावेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा. हललात की पुसट. मला एकदा शिंक आली, तर घरी येईपर्यंत बोलला नाही माझ्याशी. तो फोटो फाडला त्याने. बरोबरच आहे म्हणा, कलावंत माणूस.

आता हा बघा. जवळून बघा. पदराला रफू दिसतंय? येरवड्याला कठड्यात अडकून फाटला होता, मीच केलंय ते. म्हणजे साडी माझ्याच कपाटातली. आणि मला सांगितलं काय, तर कॅमेरा दुरुस्तीला दिलाय! कोण आहे ती, मला माहीत नाही. —म्हणजे आहे. श्रद्धा. त्याच्या जुन्या ऑफिसातली. आमच्याकडे जेवायला यायची, माझ्या हातची आमटी आवडायची तिला. ते राहू दे. माझी साडी नेसून धरणावर गेली, तेही राहू दे एक वेळ. पण मान बघा तिची. वळलीय. हसतेय—तोंड पुसट झालंय, पण हसतेय, कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघून. सगळा फोटो बिघडवलाय बाईनं. आणि हा नाही फाडला त्याने. हा मोठा करून दारासमोर लावलाय.

त्या शिंकेनंतर मी कधी हलले नाही हो.

रडत नाहीये मी. दिवे फार आहेत इथे. —हो रे सुदर्शन, आले! ऐकलंत? पेपरवाले आलेत, ह्याच फोटोपुढे उभी राहा म्हणतोय. पाठमोरी. आजसुद्धा पाठमोरीच! तुम्ही सरका जरा... नाही, तिकडे नको, त्या पेपरवाल्यांच्या मागे जाऊन उभ्या राहा. मी वळले की मला समोर बघायला कुणीतरी हवंय.