न वाचलेला दुसरा अंक

सुजाताच्या आई, तिचा भाऊ, आमच्या नाट्यमंडळातले सगळे, आणि वडनेरहून जीप करून आलेले गावकरी. या शोकसभेच्या अध्यक्षांनी सांगितलं, सर, पहिले तुम्ही बोला, तुम्ही तिचे गुरू. तो शब्द ऐकला आणि मला खुर्चीतून उठवेना. आता उठलोच आहे, तर खरं बोलतो.

सत्तावीस वर्षांची पोर. साधा ताप म्हणता म्हणता आठ दिवसांत गेली. कृषी केंद्राच्या काउंटरवर बियाण्यांच्या पिशव्या देता देता ही मुलगी संवाद लिहायची. तिची पहिली एकांकिका मी बसवली. लेखनाचं बक्षीस तिला मिळालं आणि गावभर मिरवलो मी. माझी विद्यार्थिनी, माझी विद्यार्थिनी.

मग तिनं पहिलं दोन अंकी नाटक लिहिलं. वही माझ्या हातात देऊन म्हणाली, "सर, पहिले तुम्हीच वाचा." मी वही कपाटात ठेवली. महिना गेला. दिवाळी गेली. वाचली नाही. फार कामं होती का मला? रिटायर माणसाला कसली कामं? आळस होता, दुसरं काही नाही.

एक दिवस तिनं बाजारात गाठलं. "वाचलं का, सर?"

मंडळी, आम्हा नाटकवाल्यांकडे एक हमखास वाक्य असतं. कोणत्याही नाटकाला चालतं. मी तेच फेकलं. म्हणालो, "चांगलं आहे, पण दुसरा अंक सैल पडतो."

"कोठी सैल पडते, सर?"

"ते लेखकानं स्वतः शोधायचं असतं."

असं उत्तर दिलं मी. तिनं मान डोलावली. काऊन नाही डोलावणार? सर सांगत होते ना.

तेरवीला गेलो, तेव्हा ताईंनी, तिच्या आईनं, नाटकाची नवी वही वाचायला दिली. म्हणाल्या, "वर्षभर दुसरा अंकच लिहून राह्यली होती, सर. तीनदा फाडला. तापातही लिहे. म्हणे, सरायले पसंत पडला पाहिजे."

घरी आलो. कपाटातली जुनी वही काढली आणि पहिल्यांदा वाचली. दुसरा अंक सैल नव्हता, मंडळी. त्यात एक आई आहे. पोरीला नको असलेलं स्थळ मोडायला ती एकटी पाहुण्यांच्या घरी जाते. चहाची बशी हातात धरून जे बोलते, तसं पान चाळीस वर्षांत माझ्या हाती आलं नव्हतं. नव्या वहीत ती आईच नाही. माझ्या एका थापेपायी सुजातानं तिला काढून टाकलं.

ताई, हे मी तुमच्या घरी येऊन सांगायला हवं होतं. दोनदा निघालो आणि स्टँडवरून परत फिरलो. माफी मागत नाही. जिनं ती द्यायची, ती राहिली नाही.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. त्यानंतर ज्यांना बस गाठायची असेल त्यांनी जावं. मी इथंच बसून तो जुना दुसरा अंक मोठ्यानं वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून. ताई, तुम्ही पुढं येऊन बसा.

सुजाता, फार उशीर केला मी. आज वाचतो.