ज्या राजाचं नाव मी घेतलं नाही

…तर परीक्षण आलं एकदाचं, चांगलं आलं, आणि माझ्याच जिवाला घोर लागला. बेंगळूरच्या जयनगरात राहत होती एक चंद्राबाई, म्हणजे मी, शाळेचं तोंड न बघितलेली. तिची सून पुष्पावती, बी.ए. झालेली, आणि चंद्राबाईचे ते. त्यांचं नाव विचारू नका. नवऱ्याचं नाव कसं घेणार, तुम्हीच सांगा?

तुम्हाला सांगते, लहानपणी आजोबांनी मला एका राजाची गोष्ट सांगितली होती, तीनशे वर्षांपूर्वीचा बेंगळूरचा राजा, त्याचे हत्ती तळ्यात उतरायचे आणि ढगातून बाहेर निघायचे, राणीशी भांडण झालं की अख्खा किल्ला उठून मल्लेश्वरमला जाऊन बसायचा… पोर होते तेव्हा राजाचं नाव धडाधडा घ्यायची. मग लग्न ठरलं, आणि मुलाचं नाव काय निघावं? नेमकं तेच. झालं, त्या दिवसापासून राजा नुसता 'ते'. आणि स्वभावही त्याचा स्वल्प बदलला हो, पूर्वी शूर होता, आता पुढ्यात कॉफी आल्याशिवाय लढाईला निघेना.

पुष्पावतीनं दोन वर्षं दुपारची झोप सोडून हे सगळं सहा वह्यांत उतरवलं. सासूला ती इथल्या रीतीनं अत्ते म्हणते. विचारायची, "अत्ते, राजाचं नाव काय लिहू?" मी म्हणायची, पुढचं लिही. कसं घेणार, तुम्हीच सांगा?

बेळगावचे प्रकाशक म्हणाले, आधी समीक्षक उमाकांतांना दाखवतो, त्यांना आवडली तर कादंबरी छापू, नाहीतर वह्या परत. चार महिने पोस्टमन दिसला की पोरीच्या हातातलं पीठ हातातच. काल पाकीट आलं. तिला उघडवेना, म्हणून ह्यांनीच चष्मा लावून मोठ्यानं वाचलं: "राजाला नाव न देण्याचं हे धाडस थक्क करणारं आहे. सत्तेला चेहरा नसतो, हे लेखिकेनं जाणीवपूर्वक…" पुढचं मला कळलं नाही. पुष्पावती मात्र पदरात तोंड घालून रडायला लागली, कारण खाली प्रकाशकांनी लिहिलं होतं, छापतो, आणि पुस्तकावर सासूबरोबर सुनेचंही नाव घालतो. मनात आलं, खरं काय ते सांगून टाकावं. पण मग नाव आलंच, आणि ते कसं घेणार, तुम्हीच सांगा?

आज सकाळपासून हे वह्यांची घरी ठेवलेली झेरॉक्स घेऊन बसलेत. मघाशी मान वर करून म्हणाले, "झकास आहे गं. पण असला ऐतोबा राजा मी जन्मात बघितला नाही. कोण होता हा?"

मी म्हटलं, "होता एक जण. मनानं चांगला होता."