मामा उठून बाहेर गेला तेव्हा

भाची : म्हणजे नाही. मग सरळ नाही म्हण ना, मामा. मघापासून 'योग्य वेळ', 'योग्य वेळ' काय लावलंयस?

मामा : आमच्या पैसे गुंतवायच्या धंद्यात 'नाही' म्हणत नाहीत गं. आज नाही म्हटलं आणि पुढे तू मोठी झालीस तर? म्हणून म्हणायचं, अजून जरा लवकर होतंय, संपर्कात राहू. दार लोटायचं, पण कडी लावायची नाही.

आई : बाळू, तू आधी आत ये. दारात उभं राहून मुलीला नकार देतोयस. बस तिथे. कॉफी टाकते. आणि तू गं, तोंड धू. हाताचं ग्रीस गालाला फासलंयस.

भाची : फोनवर सांगितलं असतंस तरी चाललं असतं.

मामा : ऑफिसातून रीतसर मेल जाणारच होता. मीच म्हटलं, थांबा, घरचं आहे, मी जाऊन सांगतो. गाडीत येताना मोठ्याने सराव केला. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या बाईंनी काच वर करून घेतली.

आई : पण नाही का म्हणालात? मला कळेल असं सांग. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, तुमचं स्टार्टअपचं मला कळत नाही. लोकांच्या चाकांच्या खुर्च्या मोडतात. दुरुस्त करायला कुणी येत नाही. ही आणि हिची मैत्रीण जातात, दुरुस्त करतात. आता हॉस्पिटलवालेही बोलावतात. यात न कळण्यासारखं काय आहे?

मामा : काहीच नाही, आणि तिथेच घोडं अडलं. ताई, जे आम्हाला पूर्ण कळतं त्यात आम्ही पैसे घालत नाही. कळलं, म्हणजे लहान असणार.

आई : हे तू हसत हसत सांगतोयस?

मामा : रडून सांगितलं तर कॉफी जास्त मिळेल का? हे बघ, आम्ही बऱ्याच ठिकाणी पैसे लावतो. बहुतेक बुडतात. एखादंच असं उसळतं की बाकीच्यांचं सगळं पाप धुऊन निघतं. म्हणून समोरच्याचं काम चालेल का, हे आम्ही बघतच नाही. चाललं तर किती अफाट चालेल, तेवढंच बघतो. हिचं चालणार, यात कुणाला शंका नव्हती. सगळे हळहळले.

भाची : अफाट का नाही चालणार? माणसं काय म्हातारी व्हायची थांबणारेत? कुठल्याही खुर्चीला बसतील असे सुटे भाग आम्ही स्वतः बनवतोय. हे सगळं बोलले मी तुमच्या बैठकीत.

मामा : छान बोललीस. फक्त एका ठिकाणी चुकलीस. मोठ्या साहेबांनी विचारलं, खुर्ची बिघडणार हे आधी कळायची काही सोय आहे का? तू म्हणालीस, हो, चाक करकरतं.

भाची : करकरतंच.

मामा : करकरतं गं! पण तिथे म्हणायचं असतं, आम्ही त्यावर काम करतोय.

आई : म्हणजे खोटं बोलायचं.

मामा : आम्ही त्याला दूरदृष्टी म्हणतो. पण ते असू दे. तरीही अर्धी खोली तुझ्या बाजूने होती.

भाची : मग बिनसलं कुठे?

मामा : ताई, कॉफीला उकळी आली का बघ ना.

आई : विषय बदलू नकोस.

मामा : तू गेल्यावर मत घ्यायची वेळ आली. नियम असा की, नात्यातलं कुणी असेल तर आपण मत द्यायचं नाही. मी उठून बाहेरच गेलो. बाहेर जा असं नियमात नाहीये. पण म्हटलं, आपण चारचौघांपेक्षा जरा जास्त स्वच्छ दिसू. कॉफीच्या मशीनपाशी उभा राहिलो, चेहऱ्यावर न्यायाधीशासारखे भाव आणून. तिथे बघायला कुणी नव्हतं, तरी.

भाची : आणि आत?

मामा : मला मागाहून कळलं. मोठे साहेब म्हणाले, सख्खा मामा उठून गेला, त्याला काहीतरी माहीत असणार.

भाची : काय माहीत असणार?

मामा : काहीतरी! तू तापट असशील, मैत्रिणीशी फाटलं असेल, परदेशी जायच्या बेतात असशील. खात्री असती तर बसला असता, असं म्हणाले. आमच्याकडे कशाचाही अर्थ लावता येतो, आणि लावला नाही तर पगार कशाचा? बाकीच्यांनी माना हलवल्या. मी आत आलो तर सगळे माझ्याकडे मायेने बघतायत. एकाने पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, मंजूर झालं. मी सगळ्यांना थँक्यू म्हणालो.

आई : थँक्यू म्हणालास!

मामा : दोनदा.

भाची : मामा... मला रागवायचं होतं रे तुझ्यावर. असं हसवू नकोस.

मामा : रागव. मी तेवढ्यासाठीच आलोय.

भाची : मग खरं सांग. आत थांबला असतास आणि त्यांनी विचारलं असतं, तर काय म्हणाला असतास?

मामा : माहीत नाही. देवाशपथ माहीत नाही. इतकी वर्षं दुसरं कुणी हो म्हणेपर्यंत थांबायची सवय लागलीय. नाही झालं, हे कळल्यावर क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं. आता बुडालीस तर ताईला तोंड दाखवता येईल, असं वाटलं.

आई : बरं झालं सांगितलंस. साखर घाल आणि पी.

(मामाचा फोन वाजतो. तो खुर्चीतून न उठता तिथेच घेतो.)

मामा : बोला साहेब... हो, ताईकडेच आहे... कोण, ही?... नाही, मला काही बोलली नाही... थांबा, विचारतो. हे बघ, फोनचा आवाज बंद केलाय. तू दुपारी आमच्याकडून निघाल्यावर समोरच्या इमारतीत गेली होतीस? त्या दुसऱ्या फंडाच्या ऑफिसात?

भाची : हो.

मामा : आणि त्यांचा मुख्य माणूस तुला सोडायला खाली आला? हसत हसत? दार धरून?

भाची : माझ्या दोन्ही हातांत सामान होतं. धरलं त्याने दार.

मामा : साहेबांनी ते गाडीतून बघितलं. म्हणतायत, आपण घाई केली, तिचं प्रकरण उद्या पुन्हा काढू. त्यांच्याआधी आपण आत शिरायला हवं. कुठवर आलंय तुझं त्यांच्याशी?

भाची : कुठवर म्हणजे? त्यांच्या अकाउंटंट बाई चाकांच्या खुर्चीवर असतात. पुढचं चाक फिरेना म्हणून फोन आला. केसांचा हा एवढा गुंता अडकला होता. काढला, तेल घातलं, आले.

आई : अगं बाई!

मामा : हळू, ताई, हळू. हे बघ, मी खोटं बोलणार नाही. नुसता गप्प बसतो. साहेब बाकीचं स्वतःच रचतील, त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. उद्या तुला पैसे मिळतील.

भाची : मिळतील?

मामा : मिळतील. बोल लवकर, ते ताटकळलेत.

आई : तुझ्या मैत्रिणीने तुझ्यासाठी चालती नोकरी सोडलीय. तिचाही विचार कर.

भाची : तिचाच करतेय. मामा, हे लोक दुसऱ्यांच्या भीतीने आत येणार. महिन्याभरात कळेल तिकडे काहीच नव्हतं, की तसेच पळत सुटतील. तोवर आम्ही माणसं कामाला ठेवलेली असतील. त्यांना काय सांगू? काय झालं ते सांगून टाक.

मामा : नक्की?

भाची : केसांसकट सांग.

मामा : साहेब, ऐका. तसं काही नाहीये. ती चाक दुरुस्त करायला गेली होती... चाक, खुर्चीचं... त्यांच्या अकाउंटंट बाईंच्या... नाही हो, मी कशाला लपवू?... साहेब, केस अडकले होते चाकात... केस!... बरं. हो. ठेवतो.

आई : काय म्हणाले?

मामा : म्हणाले, समजलं मला, घरचं माणूस आहे, तुला उघड बोलता येत नसेल. सकाळी सगळ्यांना बोलावलंय. आणि म्हणाले, केसांचं सुचलं मात्र झकास.

आई : म्हणजे खोट्याला नाही, खऱ्याला फसले!

मामा : माझी अख्खी कारकीर्द आहे ही, ताई. आज पहिल्यांदा स्पष्ट खरं बोललो, तर तेही कामाला आलं नाही. की आलं? मलाच कळेना झालंय.

भाची : पुन्हा भेटायला माझी हरकत नाही. पण तेव्हा मी स्वतः सांगेन, दुसरं कुणी रांगेत नाही म्हणून. ऐकून जे ठरवायचं ते ठरवू देत.

आई : आणि तुला एका कंपनीने देऊ केलेली ती नोकरी? त्यांना उद्या उत्तर द्यायचंय ना?

भाची : आज सकाळीच त्यांना 'नाही' म्हणून कळवलं.

मामा : सकाळी? आमची बैठक दुपारी होती!

भाची : तुमच्या बैठकीचा काय संबंध?

मामा : बरोबर आहे. काहीच नाही. मग उद्या सकाळी येतेस ना?

भाची : सकाळी नाही जमणार. हाडांच्या दवाखान्यात खुर्च्या बिघडून पडल्यात. दुपारी येईन.

मामा : सकाळी नाही म्हटलं तर त्यांना वाटेल, तू तिकडच्यांना भेटतेयस.

भाची : वाटू दे. मी नंतर सांगेनच.

आई : मग तुला उठवू कधी?

भाची : लवकर उठव. माणसं पलंगावर अडकून पडलीत गं.