भेट राहून गेलेले कण

सुनंदावहिनी, गौतम सरांची मुलं, शिक्षक मित्रहो,

गंगाखेडच्या या सभागृहात आज गौतम सरांच्या शोकसभेला दाटीनं माणसं बसली आहेत, आणि मला शब्द जुळवता येत नाहीत. म्हणून आयुष्यभर जे केलं तेच करतो. एक कोडं मांडतो.

आठवडी बाजार ऐन भरात असताना दहा पावलांवर ओळखीचा माणूस धडकतो. बाजार पांगला, मैदान मोकळं झालं, की शोधूनही गाठ पडत नाही. असं का?

हे कोडं गौतम सरांचं. फळ्यावर बाजार काढून ते कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर, शिकवत होते. हे द्रव्य दिसत नाही. पण दीर्घिकांना बांधून ठेवतं. आलं कुठून? एक शक्यता अशी. आरंभी विश्व तप्त होतं, दाट होतं. कृष्णद्रव्याचे कण घडत होते. दोन कण भेटले, की दोघेही विरत होते. मग विश्व पसरलं, निवलं. नवे घडेनात. उरलेले एकमेकांना गाठेनात. ज्यांची भेट राहून गेली, तेच आजवर उरले. विरणं नाही. सुटका नाही.

त्या तासाला मी शेजारच्या वर्गातून आलो आणि मुलांसमोर तो बाजार पुसला. म्हणालो, "शास्त्रात बाजार नको."

सर हळूच म्हणाले, "सर, पोरायला बाजार कळतो की. तिथून तर आत जायचंय."

मी ऐकलं नाही. त्यांनी खडू ठेवला.

पुढे चार वर्षं आम्ही एकाच टेबलाशी बसलो. रोज वाटायचं, आज बोलू. रोज राहायचं. मग बदलीनं ते जिंतूरला गेले, मी पाथरीला. परवा वहिनींनी सांगितलं, "ते म्हणायचे, सरांना गणित लय लवकर सुटतंय, माणूस जरा उशिरा. येतील की, एष्टी तर रोज जायलीय."

मी त्या एष्टीत बसलो नाही.

वहिनी, आज सर्वांसमोर सांगतो. ते उदाहरण अचूक होतं. चूक माझी होती. पण हे वाक्य आता कुणाला गाठणार? ते माझ्यातच अडकून राहील.

मित्रहो, आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. त्यानंतर एक साधा प्रयोग करा. फोनमधलं जे नाव दिसताच तुमचं बोट ते टाळून पुढं सरकतं, त्या नावाला फोन लावा. पलीकडून "हॅलो" ऐकू आलं, तर समजा, विश्व अजून तेवढं पसरलेलं नाही.