झेंडूची अँब्युलन्स

—न्हाय मामा, पुन्यांदा सांगतो, ही ती गाडी न्हाय. ही अँब्युलन्स हाय. जित्त्या मानसांची. ती दुसरी असती, तिला चारी बाजूनं काचा असत्यात आन् ती सावकाश चालती, तिला कसली घाई. आमाला घाई असती. येताना सायरन ऐकलाच की तुमी — तो कुनासाठी वाजवतंय, गेलेल्या मानसासाठी कोन रस्ता सोडंल — बरं, सोडत्यात, हातबी जोडत्यात, ते खरं हाय. आज मलाबी जोडले. अक्कलकोट रोडला वळल्यापासनं बघालोय, मानसं बाईकवरनं उतरून हात जोडालीत. एका म्हातारीनं तर डोक्यावर पदर घेतला. मला आधी वाटलं, लोकांत आमच्या सेवेविषयी आदर वाढलाय. मग एमआयडीसीच्या वळनाला पुढच्या बसच्या काचंत माझीच गाडी दिसली — दोनी बाजूला केळीचे खुंट, बोनेटवर झेंडू, चाकांवर गुलाल — आन् मीबी मनात म्हनलं, कोन गेलं की बिचारं.

पन खंडेनवमी हाय न्हवं आज. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. तुमच्या ह्या कारखान्यात बघा की, त्या मागाला हार घातलाय, म्होरं नारळ ठिवलाय, त्याला कोन म्हनलं का माग वारला म्हनून? टॉवेल विनतंय की गुमान. तसंच हे. तुमचं पोट मागावर, आमचं गाडीवर — न्हाय, न्हाय, उठू नका. उठायचं न्हाय. नुस्ती खुर्ची सोडा, बाकीचं आमी बघतो. एक पाऊलबी चालायचं न्हाय असं मॅडमचं म्हननं हाय. ह्या अंकिता मॅडम, डॉक्टर, आत्ता तुमच्या छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली त्या. पट्टी बघून त्या तुमाला काय बोलल्या न्हाईत, मला मातर बाजूला घिऊन म्हनल्या, तुज्या तोंडाचा आज पयल्यांदाच उपयोग होईल, बोलत बोलत ह्यांना गाडीत घे. म्हनून बोलालोय. एरवी मी लई बोलत न्हाय. — मॅडम, हसू नका, पेशंट बघालाय.

ही सगळी सजावट कुनाची, इच्यारा. माझीच. आमच्या सेंटरला तीन गाड्या, दोन अँब्युलन्स आन् एक रेस्क्यूची, ती दोर, शिड्या आन् कटर घिऊन फिरती. दुसरी अँब्युलन्स कुमारची. कुमारनं काल त्याच्या गाडीला एक हार घातला, एकच, शिस्तीत, आन् मला म्हनतुय, तुजं काय? झालं. मी पहाटं मार्केट यार्डात जाऊन झेंडूचं पोतं आनलं. पोतं म्हंजे पोतंच. वरच्या दिव्याला हार गुंडाळला, तो दिवा फिरला की हारबी फिरतुय, लई भारी दिसतंय, पन आतला उजेड कुनाला दिसत न्हाय. पुढं अँब्युलन्स लिहिलंय त्याच्यावर ‘शुभ दसरा’ चिकटवलं. उदबत्त्या लावल्या त्या नेमक्या ऑक्सिजनच्या सिलिंडरपाशी — त्यावरनं मॅडम मला जे बोलल्या ते तुमच्यासारख्या वडीलधाऱ्या मानसापुढं सांगता येत न्हाय. मग नारळ. म्हनलं, नारळ दगडावर तर सगळंच फोडत्यात, आमी रेस्क्यूवाले, आपुन कटरनं फोडू. तो मोठा कटर हाय की, ट्रकचं दार कापतुय. लावला. नारळाचं पीठ झालं, मामा. प्रसाद म्हनून करवंटीचा भुसा वाटला, कुमारनं दोनदा घेतला.

आन् स्ट्रेचर. तुमी त्याच्याकडं ज्या नजरेनं बघालाव ते मला कळालंय. त्याच्यावर हळद-कुंकू, फुलं, बाजूला केळी — खरं सांगतो, तुमच्या जागी मी असतो तर मी पळत सुटलो असतो, छातीत दुखू दे न्हायतर काय. पन ते हत्यार हाय आमचं, म्हनून पुजलं. ह्याच्यावरनं लोकं दवाखान्यात जात्यात आन् घरी येत्यात. सगळीच येत्यात असं म्हनत न्हाय मी, खोटं कशाला बोलू, पन जी येळंवर बसत्यात ती येत्यात. जी हितं खुर्चीला धरून बसत्यात — बरं, ते जाऊ द्या.

काढतो. सगळं काढतो. शिवू — तुजं नाव शिवू न्हवं? — शिवू, तुज्या साहेबांसाठी ती केळ उपट तिकडनं, आन् त्यो हार ओढ, दिव्यावरचा, जोरात ओढ, दिवा आला तरी चालंल. टॉवेल दे एक. टॉवेलाच्या कारखान्यात टॉवेल मागायला मला लाज वाटत न्हाय. हे बघा, कुंकू पुसलं. गुलाल पुसला. फुलं गेली. आता बघा कसं सोच्छ दिसतंय, पांढरं — काय झालं? पांढऱ्या चादरीला काय झालं आता? — व्हय की. पांढरं कापड. माझ्या ध्यानातच आलं न्हाय. शिवू, एक चादर आन. नवी. मोरवाली. पसर. मॅडम, राहू द्या, जंतू-बिंतू नंतर बघू, आदी मानूस तर बसू द्या. घ्या, मामा. सोलापुरी चादर, मोर, काठ, सगळं. असल्या चादरीवर कोन मेलंय का कदी? ह्याच्यावर निस्तं झोपत्यात.

अजून न्हाय. बरं.

बाईकवर? शिवूच्या बाईकवर जातो म्हनता? मदी तुमी, मागं धरायला आनकी एकजन, आन् म्होरं स्पीडब्रेकर. मामा, तुमाला घाम बघा कसला आलाय, डावा हात धरून बसलाव, आन् बाईकवर. कुमारची गाडी बोलवू? ती मोहोळच्या पुढं गेलीय, ट्रक उलटलाय तितं, रेस्क्यूची गाडीबी तिकडंच हाय. हितं मीच हाय. मी, मॅडम आन् मोर. ती गोळी चावली न्हवं मॅडमनी दिलेली? बरं केलं. पन गोळीनं निस्ता येळ मिळतुय, तो हितं बसून घालवायचा न्हाय. मला भ्या दाखवायचं न्हाय, पन ती पट्टी चांगली न्हाय, मामा. हितं बसून ती चांगली हुनार न्हाय.

मामा म्हनतोय म्हनून राग येतुय का? आमी केमकडची मानसं, वयानं मोठं दिसलं की मामा म्हंतो. त्याच्यात दुसरं काय न्हाय. घरच्यांना फोन लावू का, सृष्टीला — म्हंजे मुलगी असंल की तुमची कोनतरी, तिचं जे काय नाव असंल ते. — न्हाय, मला कसं माहीत असंल. सोलापुरात सृष्टी लई हाईत. — मॅडम, तुमी त्यांचं बीपी बघा, माझ्या तोंडाकडं काय बघालाव.

वळखलं व्हय तुमी. कवा? गाडीतनं उतरलो तवाच? आन् मी मास्क लावून, टोपी घालून, आवाज बदलून बोलालोय मघापासनं. मास्क मॅडमनीबी लावलाय, त्यांना वाटलं शिस्त आली पोराला. बरं. मग आता सरळच बोलतो. व्हय, मीच तो. पोहे खायला आलेला. गोजरबाईनं जमवलेलं स्थळ. तुमी इच्यारलं होतं, कामात कदी तक्रार-बिक्रार, आन् मी म्हनलं, आजपातुर माझ्या गाडीत बसलेल्या एकानंबी तक्रार केली न्हाय. म्हनलं हसतील. कोन हसलं न्हाय. तुमी पोह्याची ताटली खाली ठिवली. माझी आई माझ्याकडं अशी बघालती की हे पोरगं दवाखान्यात बदललं असंल. आन् आतनं, पडद्यामागनं, हसल्याचा आवाज आला. एकटीचाच. दाबून हसालती, मग भांडं पडलं. तवापासनं मी ते भांडं — ते जाऊ द्या. दोन दिसानं गोजरबाईचा निरोप आला, पोरगं वाईट न्हाय, पन मढ्याची गाडी चालवतंय, गावात, करकंबात काय तोंड दावू असं म्हनत्यात जोतीराम. म्हंजे तुमी. मी राग धरला न्हाय. मी निस्तं ठरवलं, एकदा भेटून सांगायचं की मामा, मढ्याची न्हाय ती, जित्त्यांची हाय, तुमी एकदा गाडी डोळ्यानं बघा. आन् आज तुमी बघितली. झेंडू लावून.

आन् खरं सांगू, हार काढायला काय येळ लागतुय? कॉल आला की आमी हार काढूनच निघतो, तसा नियमच हाय, कुमार मागनं बोंबलालता, आद्या, हार, आद्या, केळ. पन वायरलेसवर नाव ऐकलं. टॉवेल कारखाना, छातीत दुखतंय, जोतीराम, करकंबचे. ते ऐकल्यावर माझं हात-पाय कुटं गेलं काय कळालंच न्हाय. दुसऱ्या कुनासाठी आलो असतो तर गाडी धुऊन पुसून आली असती. तुमच्यासाठी आली म्हनून असली आली. मॅडम मागच्या शिटावर बसून विचारालत्या, आदिनाथ, तू रडालास का. म्हनलं उदबत्तीचा धूर.

काय म्हनला? — न्हाय, कळालं न्हाय, जरा जोरात — न्हाय, जोरात नको, हळूच, मी कान जवळ आनतो.

…असं हाय व्हय.

म्हंजे झेंडूचं कायच न्हवतं. केळीचं न्हाय, चादरीचं न्हाय. मोर उगीचच अंथरला. तुमाला वाटालंय, ह्या पोरानं जीव वाचवला तर उद्या कुठल्या तोंडानं पोरगी न्हाय म्हनायची. गावात लोकं म्हनतील, ज्यानं वाचवलं त्याला नाकारलं, जोतीराम उपकाराला जागला न्हाय. म्हनून बसनारच न्हाय. मामा, मी लई येडी मानसं बघितलीत, एकजन पाय मोडल्यावर चपला शोधालता, पन हे — बरं. मानूस शब्दाचा हाय तुमी, येवडं कळालं. तुमच्या जागी मी असतो तर आदी वाचलो असतो, मग तोंड लपवलं असतं.

मग माझंबी ऐका. मॅडम, तुमी साक्षीला. शिवू, तूबी. ह्या बोनेटवर हात ठिवतो, आज हिची पूजा केलीय मी, वाईट केली पन केलीय. तुमाला ह्या गाडीतनं नेलं म्हनून मी सृष्टीचा विषय काढनार न्हाय. गोजरबाईकडं न्हाय, तुमच्या दारात न्हाय, कुमारपाशीबी न्हाय. हे उपकार न्हाईत, ही ड्युटी हाय, उद्या ह्याच चादरीवर दुसरा कोनतरी असंल आन् त्याच्या पोरीचं नावबी मला ठावं नसंल. तुमी बरं व्हा, तिचं लगीन लावा, जिथं तुमाला तोंड दावता येईल तिथं लावा. मला बोलवलं तर येतो, जेवून जातो, नवरदेवाची गाडी मातर मला सजवायला सांगू नका. आन् तिला सांगायचं असंल तर येवडंच सांगा — न्हाय. कायच सांगू नका. आजचं कायच सांगू नका तिला. हसंल परत. हसू द्या, पन तुमी सांगू नका.

मी गंमत करत न्हाय, मामा. लोकांना वाटतं मी गंमतच करतो. ही न्हाय. हात अजून बोनेटवर हाय, बघा, चटका बसालाय, इंजिन गरम हाय.

झालं? सोडता खुर्ची? — सोडा. असं. शाब्बास. शिवू, पायाकडनं धर, मॅडम डोक्याकडनं, मी मदनं. उचला. आरं हळू, टॉवेलाचा गठ्ठा न्हाय ते. हां. पाठ टेकवा. ऑक्सिजनचा मास्क लावा, मॅडम. दीर्घ श्वास, मामा, घ्या, सोडा. पुढं दवाखान्यात फोन केलाय का मॅडम, तयारीत राहा म्हनावं, येतोय आमी. शिवू, गेटची साखळी काढ. आन् ती फुलं बाजूला सार, चाक घसरंल.

काय? — न्हाय, मास्क काढू नका. न्हाय, आता काय बोलायचं न्हाय. मॅडम, ह्यांचं बोलनं बंद करा. मामा, काय असंल ते राहू द्या, मी हात ठिवलाय, तुमी आता व्हय म्हनला तरी मला ते घेता येत न्हाय, आन् न्हाय म्हनला तर स्टिअरिंग थरथरंल, मला सरळ जायचंय. माझा शर्ट सोडा. मॅडम, ह्यांच्या मुठीत माझा शर्ट हाय, जरा सोडवा.

सोडा, मामा. दार लावायचंय.